बोरघाट उतरण्याची विद्या

खोपोलीतल्या शिळफाट्यावरून पुण्याकडे निघालेला जुना रस्ता थोड्याच अंतरात बोरघाटाला भिडतो. कर्जतहून पळसदरीमार्गे वर जाणारा लोहमार्ग त्याच डोंगराला दुसऱ्या अंगाने भिडतो. दोन्ही वाटांना कोकणातून देशावर जाताना साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंची गाठावी लागते. चढताना काही बिघडले तर गाडी थांबते. उतरताना बिघडले तर ती थांबत नाही. म्हणून घाटात जे काही शिकले आणि शिकवले गेले, ते बहुतेक सगळे उतरणीभोवती जमा झाले आहे. दगड रचणारे गवंडी, इंजिन चालवणारे ड्रायव्हर, ब्रेक आवळणारे ब्रेकवाले, सांधे फिरवणारे पॉइंट्समन आणि अलीकडचे ट्रकचालक अशा अनेकांच्या हातून ही विद्या घडली. तिची रीत मात्र एकच राहिली आहे. आपण नेमके कुठे कमी पडतो ती जागा शोधायची आणि सगळे काम पुन्हा पुन्हा करत बसण्याऐवजी तेवढीच जागा पक्की होईपर्यंत घोटायची. ज्यांनी ही रीत पाळली त्यांनी घाट सुरक्षित केला. जिथे ती पाळली गेली नाही तिथे माणसे मेली.

रेल्वे येण्याआधी घाट पायी, घोड्यावर किंवा पालखीत बसून चढायचा असे. पेशवाईत पुण्याहून कोकणात उतरणारा माल बैलांच्या पाठीवरून येई आणि खोपोली हा पायथ्याचा मुक्काम होता. नाना फडणवीसांनी तिथे बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ या वाहतुकीची साक्ष देतात. १८०३-०४ च्या सुमारास इंग्रजांनी तोफा वर नेण्यासाठी वाट थोडी रुंद केली, पण चाकाच्या गाडीला घाट बंदच राहिला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात बांधलेला गाडीरस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला आणि बैलगाडी घाट उतरू लागली. चाके आली तसा ब्रेकचा प्रश्नही आला. माणूस किंवा बैल पाय रोवून थांबतो, भरलेली गाडी थांबत नाही.

घाटाची वाट मुळात कोणी दाखवली याबद्दल शिंगरोबा नावाच्या धनगराची कथा सांगतात. गोऱ्या साहेबांना डोंगरातला मार्ग सापडेना, तेव्हा गुरे चारणाऱ्या शिंगरोबाने तो दाखवला आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितले, म्हणून त्याला ठार केले, असे ती कथा सांगते. जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे. आजही कित्येक चालक तिथे गाडीचा वेग कमी करून नाणे टाकतात, हात जोडतात आणि मग पुढे जातात. कागदोपत्री पुरावा नसला तरी ही कथा एक खरी गोष्ट सांगून जाते. डोंगर ओळखणारे लोक डोंगरातच होते आणि बाहेरून आलेल्यांना त्यांच्याकडून शिकावे लागले.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने पुढच्या वर्षी कल्याण गाठले आणि मे १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले. वरच्या बाजूने पुणे ते खंडाळा हा टप्पा जून १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट तेवढा राहिला. जवळपास पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरून पालखीत, तट्टूवर किंवा बैलगाडीतून खंडाळ्याला जात आणि तिथून पुन्हा आगगाडीत बसत. कर्जत-खोपोली फाटा पुढे लोकल गाड्यांचा फाटा म्हणून टिकला. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी स्थानके घेत तो अजून खोपोलीला संपतो.

घाटातल्या मार्गाचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी त्याआधी काही वर्षे सह्याद्रीच्या या कड्यांची पाहणी केली होती. तयार झालेला मार्ग सुमारे साडेपंचवीस किलोमीटरांचा झाला आणि त्यात १,८३१ फुटांची चढण होती. २५ बोगदे आणि आठ मोठे दगडी पूल बांधावे लागले. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट असा होता. वाफेच्या इंजिनांसाठी एवढा चढ त्या काळी जगात फार थोड्या ठिकाणी होता. खंडाळ्याच्या खाली एका धारेवर वळणाला जागाच मिळेना, तेव्हा तिथे रिव्हर्सिंग स्टेशन बांधले. गाडी एका बाजूने येऊन तिथे थांबे, इंजिन तिच्या दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढे. डोंगराच्या अडचणीवर काढलेला हा उपाय होता. त्यामुळे एक नवी अडचण तयार झाली. वरून उतरणाऱ्या गाडीसमोर या स्थानकाच्या टोकाला दरी होती.

पहिले कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल यांना काम झेपले नाही. पोटकंत्राटदारांकडून मजुरी थकू लागली आणि जानेवारी १८५९ मध्ये घाटात मजुरांचा उद्रेक झाला. त्यानंतर फॅव्हिएल यांनी कंत्राट सोडले. १८५९ च्या अखेरीस सॉलोमन ट्रेडवेल आले, पण काही आठवड्यांतच ते आजारी पडून वारले. उरलेले काम त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी आपल्या अभियंत्यांकरवी पूर्ण करून घेतले. १८६१ मध्ये घाटात एका वेळी सुमारे ४२,००० माणसे कामावर होती. डायनामाइट अजून आलेले नव्हते. कड्यावरून दोराने लोंबकळत माणसे पहारीने बेसाल्टमध्ये भोके पाडत आणि त्यांत बंदुकीची दारू ठासत. पावसाळ्यात काम थांबे. उघडीप झाली की मजूर पुन्हा झोपड्यांत गोळा होत आणि पटकी त्यांच्या वस्त्यांत शिरे. १८५९-६० च्या साथीत माणसे फार मोठ्या संख्येने मेली.

या प्रकरणात शिकणे कुठे झाले आणि कुठे झाले नाही हे स्पष्ट दिसते. उद्रेकानंतर १८६० मध्ये मालक आणि मजूर यांच्या तंट्यांसाठी कायदा झाला. पण करार मोडणाऱ्या मजुराला शिक्षा करण्याची सोयही त्याच कायद्यात होती. वस्तीला स्वच्छ पाणी, साथीत औषध आणि वेळेवर मजुरी या तीन गोष्टींत कंपनी आणि कंत्राटदार कमी पडले होते. ती उणीव कधी कोणी उणीव म्हणून कागदावर मांडली नाही, त्यामुळे ती भरूनही निघाली नाही. दगडाबाबत आणि ब्रेकबाबत ज्यांनी पुढे बारीक तपासणी केली, त्यांनी ही तपासणी केली नाही. बोरघाटाच्या कौतुकाच्या प्रत्येक वर्णनात हा हिशेब यायला हवा.

एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले आणि पुढच्याच महिन्यात प्रवासी गाड्या सुरू झाल्या. बर्कले यांना हा दिवस पाहायला मिळाला नाही. ते १८६२ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये वारले होते. बांधकाम झाले म्हणजे काम संपले, असा समज त्या काळी होता. तो फार टिकला नाही.

जुलै १८६७ च्या पावसात मौ-की-मल्ली नावाचा घाटातला मोठा कमानी पूल कोसळला. बाहेरून पाहता तो धडधाकट होता. चिरे चांगले घडवलेले होते आणि कमानी नीट बसल्या होत्या. दोष आतल्या भरणीत होता. घाईने रचलेला कच्चा दगड आणि कमी प्रतीचा चुना पावसाच्या पाण्याने सुटत गेला. चार वर्षे त्यावरून गाड्या जात होत्या आणि कोणाच्या काही लक्षात आले नव्हते. मग या पुलापुरते थांबून भागणार नव्हते. त्याच पद्धतीने, त्याच घाईत आणि त्याच प्रकारच्या कंत्राटदारांनी बांधलेली कामे मार्गावर जागोजागी होती. त्यांची तपासणी झाली आणि बरीच बांधकामे उतरवून पुन्हा बांधावी लागली. स्वतःचे पूर्ण झालेले काम आपल्याच हाताने फोडून आत पाहणे कोणत्याही धंद्यात सोपे नसते. या मार्गावर ते पूल कोसळल्यानंतर झाले, आधी झाले नाही. पण झाले ते नेमके झाले. सगळा मार्ग नव्याने बांधण्यापेक्षा कच्चे काय आहे ते शोधले आणि तेवढे बदलले.

दुसरा धडा ब्रेकचा होता. आज इंजिनातून एक दांडा फिरवला की सगळ्या गाडीला ब्रेक लागतो. १८६३ मध्ये तशी सोय नव्हती. काही डब्यांवर ब्रेकवाले बसलेले असत. ड्रायव्हरने ठरावीक शिट्टी दिली की ते हाताने चाक फिरवून ब्रेक आवळत आणि दुसरी शिट्टी झाली की सैल करत. घाटासाठी मुद्दाम बनवलेल्या टाकीच्या इंजिनांना चाकांच्या ब्रेकशिवाय थेट रुळांवर दाबून बसणारे घसरब्रेकही लावले होते. तरीही सगळा भार माणसांच्या एकोप्यावर होता. पावसात रूळ ओले असत, धुके असे आणि शिट्टी बोगद्यात घुमे. मधल्या एखाद्या ब्रेकवाल्याला ती उशिरा ऐकू गेली की गाडीचा वेग हाताबाहेर जाई.

जानेवारी १८६९ मध्ये नेमके तेच घडले. वरून उतरणारी गाडी रिव्हर्सिंग स्टेशनात आवरली नाही आणि टोकावरून पुढे गेली. या अपघाताची छायाचित्रे त्या काळी काढली गेली आणि ती अजून पाहायला मिळतात. उतरणीचा बंदोबस्त कसा असावा याचा विचार तिथून पक्का होत गेला. त्यातून रूढ झालेली कॅच सायडिंगची पद्धत शिकण्याच्या इतिहासात महत्त्वाची आहे.

घाटात ठरावीक ठिकाणी मुख्य रुळापासून एक फाटा चढणीकडे किंवा वाळूच्या ढिगाकडे जातो. सांधा नेहमी या फाट्याकडेच लावलेला असतो. म्हणजे उतरणारी गाडी, ड्रायव्हरने काहीच केले नाही तर, आपोआप फाट्यात शिरेल आणि तिथे थांबेल. मुख्य मार्गावर पुढे जायचे असेल तर ड्रायव्हरला आधी गाडी आवाक्यात आणून दाखवावी लागते. ती थांबलेली किंवा अगदी मंद झालेली आहे हे केबिनमधल्या माणसाने डोळ्यांनी पाहिले की तो सांधा फिरवतो आणि मग वाट मोकळी होते. मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी, जांबरुंग ही केबिनची नावे कर्जतच्या रेल्वेवाल्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. प्रवाशाला ही थांबण्याची ठिकाणे उगाचच वाटतात. खिडकीबाहेर माकडे आणि धबधबे दिसतात आणि गाडी का थांबली ते कळत नाही. खरे तर त्या क्षणी ड्रायव्हर परीक्षा देत असतो. आपली गाडी आपल्या ताब्यात आहे हे तो उतरणीवर सिद्ध करत असतो आणि हे एकाच उतरणीत अनेकदा घडते.

ही व्यवस्था माणूस चुकणार हे धरूनच बांधली आहे. ड्रायव्हर हुशार आहे का, अनुभवी आहे का, त्याला बढती मिळाली आहे का, हे सांध्याला ठाऊक नसते. प्रत्येक उतरणीत त्याला पहिल्यापासून दाखवावे लागते. घाटातल्या ज्येष्ठ ड्रायव्हरलाही यात कधी कमीपणा वाटत नाही, हे या धंद्याचे मोठेपण आहे.

विसाव्या शतकात यंत्रे बदलली. १९२९ च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर वीज आली. त्याच सुमारास नवा बोगदेमार्ग काढून रिव्हर्सिंग स्टेशन बंद केले. साठ वर्षे सांभाळलेली ती धोक्याची जागा अखेर मार्गातूनच काढून टाकली. मालगाड्यांसाठी आलेल्या मोठ्या विजेच्या इंजिनांना लोक खेकडा म्हणत, कारण त्यांचे जोडदांडे चालताना वेगळेच हलत आणि घुमत. विजेच्या इंजिनाने उतरणीला एक नवे साधन मिळाले. उतरताना मोटर उलटी वापरून तिला जनित्र करता येते आणि त्या विरोधाने गाडी आवरली जाते. चाकांचे ब्रेक त्यामुळे तापत नाहीत आणि अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवता येतात. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली ती याच मार्गावर.

चढण्यासाठी कर्जतला मागे जादा इंजिने जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. त्यासाठी गाड्यांना तिथे थांबावे लागते आणि त्या थांब्यावर फलाटावरचा कर्जतचा बटाटावडा प्रसिद्ध झाला. तो विकणाऱ्या दिवाडकरांचे नाव त्यामुळे मुंबई-पुण्याच्या घराघरांत पोचले. पुढच्या इंजिनाचा आणि मागच्या बँकरचा मेळ पूर्वी शिट्ट्यांच्या खुणांवर चाले आणि आता वॉकीटॉकीवर चालतो. हा मेळ चुकला तर मधल्या कपलिंगवर ताण येतो. म्हणून बँकर चालवणे हे वेगळे कसब मानले जाते आणि तेही वेगळे शिकावे लागते.

घाटाची खरी शाळा भरते ती ड्रायव्हरच्या, म्हणजे आजच्या भाषेत लोको पायलटच्या, तयारीत. इंजिन चालवता आले म्हणजे कोणत्याही मार्गावर गाडी नेता येते असे रेल्वे मानत नाही. नव्या मार्गावर गाडी घेण्याआधी त्याला त्या मार्गाच्या शिकाऊ फेऱ्या कराव्या लागतात. याला रोड लर्निंग म्हणतात. दिवसाच्या आणि रात्रीच्या फेऱ्यांत तो जाणकार ड्रायव्हरशेजारी उभा राहतो. कोणता सिग्नल कोणत्या वळणानंतर दिसतो, कुठे उतार एकदम वाढतो, कोणत्या बोगद्यानंतर रूळ पावसात निसरडा होतो आणि ब्रेक कुठून लावायला घ्यायचा, हे तो डोळ्यांनी पाहून मनात बसवतो. फेऱ्या पूर्ण झाल्यावर आपल्याला हा मार्ग कळला असे त्याने स्वतः लिहून सही करायची असते. खात्री नसेल तर आणखी फेऱ्या मागायच्या आणि त्या त्याला मिळतात. घाटासारख्या विभागांत त्यावर वेगळी पात्रताही लागते.

या नियमात मोठे शहाणपण आहे. आपल्याला येत नाही हे सांगणाऱ्याला तो शिक्षा करत नाही, उलट आणखी फेऱ्यांचा खर्च करतो. बहुतेक शाळांत याच्या उलट चालते. न येणारे उदाहरण लपवणारा मुलगा तास निभावून नेतो आणि हात वर करणारा हसण्यावारी नेला जातो. रेल्वेने शिकणाऱ्याच्या प्रांजळपणाला नियमांत जागा दिली, कारण घाटात लपवलेले अज्ञान लपून राहत नाही.

दुसरा नियम अंतराचा आहे. एखादा लोको पायलट एखाद्या मार्गावरून तीन ते सहा महिने गेला नसेल तर पुन्हा एक शिकाऊ फेरी, सहा महिने ते दोन वर्षे गेला नसेल तर दोन आणि त्याहून जास्त काळ गेला नसेल तर तीन, असे नियम सांगतो. वीस वर्षांचा अनुभव असला तरी त्याला सूट नाही. एकदा शिकलेले कायम टिकते हा समज या नियमाने पुसून टाकला आहे.

तिसरी गोष्ट लोको इन्स्पेक्टरची. प्रत्येक इन्स्पेक्टरकडे काही लोको पायलट सोपवलेले असतात. तो त्यांच्याबरोबर इंजिनात प्रवास करतो, वेगाच्या नोंदी तपासतो आणि त्यांना ए, बी, सी अशा वर्गांत घालतो. सी वर्ग मिळाला म्हणजे नोकरी गेली असे नाही. त्या माणसाकडे जास्त लक्ष दिले जाते, त्याच्याबरोबर जास्त फेऱ्या होतात आणि त्याची नेमकी चूक काढून त्यावर बोलले जाते. वेगाच्या आलेखात ही चूक स्पष्ट उमटते. एकाने ब्रेक उशिरा लावला आणि मग जोरात लावला, की रेघ एका जागी कड्यासारखी खाली येते. दुसऱ्याने भीतीपोटी पुन्हा पुन्हा लावला आणि सोडला, की रेघ करवतीसारखी दातेरी दिसते. घाटात दुसरी चूक जास्त धोक्याची आहे. हवेच्या ब्रेकमध्ये प्रत्येक वेळी हवा खर्च होते आणि ती पुन्हा भरायला वेळ लागतो. वारंवार लावल्याने नळीत हवाच कमी राहते आणि खरी गरज पडते तेव्हा ब्रेक पुरेसा लागत नाही. अशा माणसाला सगळ्या घाटाचे प्रशिक्षण पुन्हा द्यायची गरज नसते. एकदाच पुरेसा ब्रेक लावून तो धरून ठेवण्याचा हात त्याला बसवायचा असतो. आता रेल्वेच्या प्रशिक्षण केंद्रांत सिम्युलेटरवर ती एकच उतरण हवी तितक्या वेळा घेता येते.

मानसशास्त्रात याच गोष्टीचा अभ्यास फार नंतर झाला. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवर आपला निबंध प्रसिद्ध केला. सगळे जण वाद्य वाजवत होतेच. जे पुढे गेले त्यांनी एकट्याने बसून, सुधारण्याच्या उद्देशाने आखलेला सराव इतरांपेक्षा जास्त केला होता, असे त्यांना आढळले. जमणारा भाग पुन्हा पुन्हा वाजवण्यात सुख असते, पण त्यातून नवे काही शिकता येत नाही. घाटातल्या लोको इन्स्पेक्टरला हे निबंध वाचून कळायची गरज नव्हती. त्याच्यासमोर वेगाचा आलेख होता.

माणसाबरोबर डोंगराचीही तपासणी चालते. पावसाळ्याआधी उन्हाच्या दिवसांत हिल गँगची माणसे दोर बांधून रुळांच्या वरच्या कड्यांवर चढतात. गेल्या पावसाने कोणता धोंडा सुटला, कोणत्या भेगेत झाडाचे मूळ शिरले, कुठे माती वाहून गेली हे ते पाहतात. सुटा धोंडा दिसला तर गाड्या थांबवण्याची वेळ ठरवून तो पहारीने खाली पाडतात आणि बोल्डर स्पेशल नावाची गाडी तो उचलून नेते. बाकीच्या कड्यांवर लोखंडी जाळ्या बसवल्या आहेत आणि बोगद्यांची तोंडे पुढे वाढवली आहेत. तरीही २०१९ च्या अतिवृष्टीने मंकी हिल ते नागनाथ हा पट्टा इतका खचला की त्याच्या दुरुस्तीसाठी अनेक गाड्या काही महिने रद्द कराव्या लागल्या. दरवर्षी नव्याने तपासायचे, हाच इथला क्रम आहे. मागच्या वर्षीचा घट्ट धोंडा या वर्षी सैल असू शकतो आणि कड्यावर चढून पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

जुन्या रस्त्यावर मुंबई-पुणे सायकल शर्यतीने घाटाला आणखी एक ओळख दिली. शर्यतीत घाटाचा टप्पा सर्वांत आधी पार करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून वेगळा मान मिळे आणि गावोगावचे लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून त्याची वाट पाहत. सपाटीवर जोर असलेला सायकलपटू घाटात मागे पडतो हे एकदा दिसले की त्याला रोज मुंबई-पुणे अंतर कापून उपयोग नसतो. पायथ्यापासून वळणावळणांनी तोच चढ पुन्हा पुन्हा चढावा लागतो.

मोटारींच्या वाहतुकीत मात्र ही शिस्त फार उशिरा आली. जड ट्रकच्या उतरणीबद्दल चालकांमध्ये एक जुना सल्ला आहे, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. इंजिनाच्या विरोधाने गाडी आवरते आणि ब्रेक थंड राहतो. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणारा ट्रक सगळा भार ब्रेकवर टाकतो. ड्रम तापतात, ब्रेकची पकड जाते आणि पुढच्या वळणावर गाडी आवरत नाही. घाटातल्या कित्येक मोठ्या अपघातांमागे एवढेच कारण असते.

२००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला तेव्हा तो देशातला पहिला असा मार्ग होता. पण तिथले अपघाती मृत्यू बराच काळ चालकाची चूक या दोन शब्दांवर सोडून दिले गेले. २०१६ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन आणि महिंद्र यांनी शून्य मृत्यू मार्ग हा प्रकल्प हाती घेतला. त्या वर्षी या मार्गावर १५१ माणसे मेली होती. प्रत्येक जीवघेणा अपघात जागेवर जाऊन तपासला गेला. उभ्या किंवा मंद ट्रकवर मागून आदळणारी वाहने, कठड्यांची उघडी टोके, रस्त्याकडेचे काँक्रीटचे खांब अशा जागा एकेक करून नोंदवल्या आणि दुरुस्त केल्या. २०२३ पर्यंत मृत्यूंची संख्या निम्म्याहून खाली आली. खंडाळ्याजवळ वाहतूक अडकवणारा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला तोही याच प्रकारच्या कामाचा भाग म्हणता येईल. रस्त्याची तपासणी अशी झाली, पण चालकाच्या तयारीचा प्रश्न तसाच राहिला.

लोको पायलट बोरघाटात पहिल्यांदा एकटा कधीच उतरत नाही. ट्रकचालक उतरतो. परवाना खरा असला की दुसऱ्या राज्यातून आलेला, कधीही घाट न पाहिलेला चालक वीस टनांचा माल घेऊन पहिल्याच दिवशी खंडाळ्यावरून खाली निघू शकतो आणि त्याला कोणी विचारत नाही. उत्तराखंडात डोंगरी रस्त्यांवर व्यावसायिक वाहन चालवायचे तर परवान्यावर त्याची वेगळी नोंद लागते. बोरघाट, कसारा, वरंध आणि आंबेनळी असलेल्या महाराष्ट्राने जड वाहनांसाठी अशी नोंद सक्तीची करावी आणि तिच्यासाठी घाटातल्या शिकाऊ फेऱ्या अनिवार्य कराव्यात. त्या कशा घ्यायच्या हे ठरवायला दूर जायचे कारण नाही, कर्जतच्या लोको पायलटांना आणि इन्स्पेक्टरांना विचारले तरी पुरे.